बहिणीला फिट येतात, चंगाईवाले म्हणतात गोळ्या बंद करा. कॅथलिक चर्चचं यावर नेमकं म्हणणं काय?

शिवनाकाठचा

जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही गंगापूर तालुक्यातले, पणजोबापासून कॅथलिक. गावात चर्च नाही, फादर महिन्यातून एकदा येतात, शाळेच्या खोलीत मिस्सा (आमची मुख्य उपासना) होते, बाकी रविवारी आम्हीच जमून माळ म्हणजे रोझरी म्हणतो.

माझी धाकटी बहीण बारावीला आहे, तिला फिट येतात. घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) दाखवलं, ईईजी झाला, एमआरआय झाला, गोळ्या चालू केल्या आणि खरंच फरक पडला होता, बरेच महिने काहीच नाही. मग मागं एकदा भाकरी टाकताना आली, हात तव्यावर गेला, तळहाताची कातडी निघाली. तेव्हापासून मायचं डॉक्टरवरचं मनच उडालं. मावशी म्हणायली की हे बाहेरचं आहे, गोळ्यांनी जायचं नाही. तिकडं शेजारच्या तालुक्यात एक जण शेडमध्ये चंगाईची, म्हणजे आजार बरा व्हावा म्हणून, प्रार्थना घेतात, ते कॅथलिक नाहीत, कुठल्या जुन्या मिशनचेही नाहीत, पण गर्दी लई असते. माय आणि मावशी जाऊन आल्या तर त्यांना सांगितलं की विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवा, गोळी खाणं म्हणजे प्रभूवर संशय. आता मायनं गोळ्यांची पट्टी पेटीत टाकून कुलूप लावलंय आणि किल्ली कमरेला. बहीण मला गुपचूप म्हणाली दादा मला भीती वाटायली.

मी प्रार्थनेच्या विरोधात नाही हो, मी स्वतः दरवर्षी हरेगावला मतमाऊलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला जातो. पण हे गोळ्या बंद करणं मला पटत नाही. फादरला बोलवून तेल लावावं म्हटलं तर माय घाबरते, तेल तर मरणाऱ्याला लावतात म्हणते. चर्च काय सांगतं आणि मायला कसं समजवायचं, कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

मास्तरांचा_नातू

जय ख्रिस्त भाऊ. माझे आजोबा मिशनचे मास्तर होते, म्हणजे फादर नसताना गावात प्रार्थना घेणं, लेकरांना शिकवणं, मयत झालं तर उभं राहणं हे सगळं तेच करायचे, त्यामुळं हा विषय घरातच ऐकत मोठा झालो.

आधी तेलाचं. तेल मरणाऱ्याला लावतात ही समजूत जुन्या पिढीत खोलवर आहे कारण आधी त्याला शेवटचा अभ्यंग म्हणायचे आणि खरंच अगदी शेवटी बोलवायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या बिशपांची रोममधली मोठी सभा) ते बदललं, १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवा विधी दिला. आता तो आजाऱ्याचा संस्कार आहे, मरणाऱ्याचा नाही. गंभीर आजार असेल, मोठं ऑपरेशन व्हायचं असेल, वय झालं असेल तर देतात, आजार वाढला तर पुन्हाही देतात. कपाळाला आणि हाताला तेल लावतात, ते तेल पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधी, बिशपांनी आशीर्वादित केलेलं असतं, आणि तो संस्कार फादरच देऊ शकतात, दुसरं कोणी नाही. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे बघा, कोणी दुखणाईत असेल तर मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, ते तेल लावून प्रार्थना करतील. तिथं औषध सोडा असं कुठंच लिहिलेलं नाही.

उलट आपल्या कॅथलिक बायबलात सिराकचं पुस्तक आहे (प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलात ते नसतं, म्हणून त्या शेडमध्ये ते कोणी वाचणार नाही). त्याचा ३८ वा अध्याय मायला वाचून दाखव. वैद्याला मान द्या, त्यालाही देवानंच निर्माण केलं, औषधं जमिनीतून देवानंच उगवली, शहाण्यानं ती नाकारू नयेत. आणि क्रम कसा सांगितलाय, आजारी पडलास तर प्रार्थना कर, आणि मग वैद्याला जागा दे, त्याला दूर करू नकोस. तुझ्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या एका अध्यायात आहे.

बाहेरचं आहे म्हणतात त्याबद्दल. ते लोक मत्तयाच्या सतराव्या अध्यायातला फेफरेकरी (फिट येणारा) मुलगा काढतील, येशूनं भूत काढलं आणि तो बरा झाला म्हणून. मग त्यांना त्याच मत्तयाचा चौथा अध्याय दाखव, शेवटाकडं, तिथं लोक येशूकडं कोणाकोणाला घेऊन आले त्याची यादी आहे आणि त्यात भूत लागलेले वेगळे, फेफरेकरी वेगळे, पक्षाघाती वेगळे. म्हणजे प्रत्येक फिट भुताची असं शुभवर्तमानसुद्धा म्हणत नाही. चर्चचा कायदा तर फार कडक आहे, भूत काढायचा विधी बिशपांच्या खास परवानगीशिवाय कोणत्याही फादरला करता येत नाही, आणि १९९९ च्या सुधारित विधीत सांगितलंय की आजाराला भूतबाधा समजू नका, गरज पडली तर डॉक्टरांचं मत घ्या. ती परवानगी शेडमधल्या माणसाला कोणी दिली?

आणि चंगाईच्या सभांबद्दल रोमहून १४ सप्टेंबर २००० ला एक सूचनापत्र निघालं होतं, कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीचं, तेच पुढं पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. आरडाओरडा, तमाशा, उन्माद नको, साक्षी शांतपणे आणि पडताळून घ्या, असं त्यात आहे. चर्च चंगाई नाकारत नाही, पण घाईनं मानतही नाही. फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थाला १८५८ पासून लोक जातायत, बरं झालो म्हणणारे हजारो, पण डॉक्टरांकडून तपासून चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या आसपास.

आपल्या भागातलं सांगतो. घोगरगावाकडं संत फ्रान्सिस द सेल्स संस्थेचे जे फादर आले, त्यांची संस्था १८३८ ला आताच्या फ्रान्समधल्या अ‍ॅनेसीला सुरू झालेली. निजामाचा मुलूख, रस्ते नाहीत, पावसाळ्यात गाडी चिखलात रुतायची. आजोबा सांगायचे की फादर गावात आले की आधी आजारी कोण आहे विचारायचे आणि मिस्सा नंतर. आजाऱ्याच्या घरात जाऊन खाली बसायचे, गोणपाटावर. महारवाड्यात मांगवाड्यात त्या काळी असं कोणी येऊन बसत नव्हतं. प्रार्थना म्हणायची, जखम धुवायची, जवळ असेल ते औषध द्यायचं, आणि जास्त असेल तर गाडी जुंपून दवाखान्याला पाठवायचं, हे सगळं एकाच भेटीत व्हायचं. माझ्या दृष्टीनं आपल्याकडची चंगाई ही आहे, त्यात प्रार्थना आणि औषध यांचं भांडण कधी नव्हतंच.

---

जालन्याची_मार्था

मास्तरांच्या नातवाचं सगळं बरोबर आहे पण एक बाजू मी सांगते, रागावू नका.

माझे मिस्टर पंधरा-सोळा वर्षं पिणारे. घरातलं भांडं विकलं, कानातलं विकलं. शेवटी एका कॅथलिक ध्यानसाधनेला नेलं, तिथं पापनिवेदन केलं, रात्री पवित्र साक्रामेंतापुढं (मिस्सातल्या पवित्र भाकरीपुढं) बसले आणि ढसाढसा रडले. त्या दिवसानंतर हात लावला नाही. याला मी चंगाईच म्हणणार, कोणी काही म्हणो. त्यामुळं चंगाईच्या प्रार्थनेला जाणारी बाई अडाणी आहे असं कोणी म्हटलं की मला लागतं.

आणि लोक त्या शेडमध्ये कामून जातात तेही बघा. तिथं तिच्या मायच्या डोक्यावर हात ठेवून कोणीतरी नाव घेऊन प्रार्थना केली असेल. आपल्याकडं महिन्यातून एकदा मिस्सा, फादरला पुढच्या गावाला जायची घाई, दवाखान्यात तर दोन मिनिटं. पोरीचा हात भाजला तेव्हा त्या माउलीच्या जवळ कोण येऊन बसलं? कोणीच नाही ना? मग जो बसला त्याचं ती ऐकणारच. शिवनाकाठच्या भावा, मायशी बायबलातल्या ओळींवरून वाद घालू नकोस. तुमच्या रविवारच्या बायकांना घरी बोलव, पोरीसाठी नऊ दिवसांची नोवेना करा, तिच्या नावानं माळ म्हणा. माय एकटी पडली आहे, तिला आधी ते दे.

पण गोळी बंद करा म्हणणारा माणूस प्रभूचा नाही, हे मीही ठासून सांगते. आमच्या ध्यानसाधनेत पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की कोणाच्या गोळ्या चालू असतील तर जवळ ठेवा आणि वेळेवर घ्या.

---

सिस्टर_ग्रामीण_रुग्णालय

मी नर्स आहे, नन नाही, सिस्टर म्हणजे दवाखान्यातली. धर्माचं वरच्यांनी सांगितलंय, मी फक्त गोळ्यांचं सांगते कारण ते आज रात्रीचं काम आहे.

फिटच्या गोळ्या एकदम बंद करणं फार धोक्याचं. एकदम थांबवलं की आधीपेक्षा जोरात फिट येऊ शकतात, एकामागून एक, मधे शुद्धच येत नाही, आणि त्यात जीव जाऊ शकतो. गोळ्या बंद करायच्या असतात तेव्हाही साधारण दोन-तीन वर्षं फिट आली नाही की मग डॉक्टर हळूहळू कमी करतात, मनानं नाही. गोळ्या चालू असताना एखादी फिट आली म्हणजे गोळ्या निकामी असं नसतं. सणावाराला जागरण झालं असेल, उपास असेल, एखादी गोळी चुकली असेल, ताप असेल, तेवढ्यानं येते. डोस बदलावा लागतो कधी कधी. म्हणून हात भाजल्यावर शेडला जायच्या ऐवजी घाटीच्या त्याच ओपीडीला जायला पाहिजे होतं, आताही जा, जुने कागद घेऊन. आणि पोरगी वयात आलेली आहे, पुढं लग्न होईल, तर कोणती गोळी चालू आहे हे डॉक्टरला नक्की विचारा कारण यातल्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेलं लुगडं-चादर काहीतरी द्या, गळ्यातलं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, कांदा चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लगेच दुसरी आली तर १०८. चुलीपुढं आणि विहिरीवर तिला एकटीला पाठवू नका.

माझ्याकडं येणाऱ्या आयांना मी म्हणते की गोळी हातात घ्या, तुमच्या देवाचं नाव घ्या आणि पोरीच्या तोंडात घाला. बहुतेकींना ते पटतं.

---

गोदाकाठ_पैठण

मी ख्रिश्चन नाही, आमच्या घरी माळ आहे, वारी आहे. पण लहानपणी आमच्या बाजूच्या गावात मिशनच्या सिस्टरांचा छोटा दवाखाना होता म्हणून लिहितो. माझ्या आज्जीच्या पायाला जखम झाली होती, साखरेची, किडे पडायची वेळ. घरचे पण नाक धरायचे. एक केरळच्या सिस्टर मांडीवर पाय घेऊन धुवायच्या, मोडक्यातोडक्या मराठीत आज्जीला सुनेबद्दल विचारत बसायच्या. कधी आज्जीला धर्म बदल म्हटलं नाही, आज्जी शेवटपर्यंत ज्ञानेश्वरी ऐकत गेली. मात्र साखरेची गोळी चुकली की त्या ओरडायच्या, सगळ्या वाड्याला ऐकू जायचं. गावात आता मिशनवाले म्हणजे चमत्कार दाखवून बाटवणारे असं पसरवणारे लोक आहेत, त्यांनी ती बाई पाहिलेली नाही.

आणि कायद्याचं पण बघा. आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. घरात, देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये साधी प्रार्थना करायला त्याची काहीच हरकत नाही, तसं त्यात लिहिलेलंच आहे. पण अंगात भूत आहे म्हणून कोणाला मारणं-बांधणं, छळणं हा गुन्हा आहे, साप विंचू कुत्रा चावल्यावर उपचार अडवून मंत्र-दोरे करणं हाही गुन्हा आहे. शिवाय १९५४ चा केंद्राचा कायदा आहे, चमत्कारी उपायानं अमुक आजार बरा करतो अशी जाहिरात करता येत नाही, आणि त्या आजारांच्या यादीत फिटचा आजार आहे. त्या शेडवाल्याचे पॅम्प्लेट वाटले जात असतील तर एक जपून ठेव. लगेच पोलिसात जा असं म्हणत नाही, मायच्या जिवाला लागेल, पण पोरीला तिथं बांधलं मारलं तर थांबू नको.

---

शिवनाकाठचा

सगळ्यांचे आभार, खरंच. मार्थाताई तुमचं वाचून मी तसाच मायजवळ जाऊन बसलो, काही वाद घातला नाही. ती बोलायला लागली तर कळलं की तिला वाटतंय पोरीचा आजार तिच्याच पापामुळं आलाय, शेडमध्ये तसंच विचारलं होतं म्हणे, घरात कोणी काय केलं होतं ते आठवा. मी तिला योहानचा नववा अध्याय वाचून दाखवला, जन्मांध माणसाचा, यानंही पाप केलं नाही आणि याच्या आईबापानंही नाही असं येशू म्हणतो तो. दोनदा वाचायला लावला तिनं.

सिराकचं पण वाचलं. किल्ली अजून दिली नाही पण रात्री स्वतःच पेटी उघडून गोळी काढून दिली, क्रूसाची खूण केली आणि पोरीला पाणी दिलं. फादरना फोन केला, ते मिस्साची वाट न बघता याच आठवड्यात येतो म्हणाले, तेलाबद्दल मायशी ते स्वतः बोलणार आहेत. रविवारच्या बायकांनी नोवेना आमच्याच घरी धरलीय. घाटीत सोमवारी जायचं ठरलंय, बहिणीला मी घेऊन जातो, माय पण येते म्हणाली.

सिस्टर, एक विचारायचं होतं. मधल्या काळात तिच्या तीन-चार दिवसांच्या गोळ्या बुडाल्या आहेत, आता त्या भरून काढायला जास्त द्यायच्या का? आणि इथून पुढं एखादी चुकली तर काय करायचं?

---

सिस्टर_ग्रामीण_रुग्णालय

नाही, जास्त अजिबात द्यायच्या नाहीत. आणि सोमवारची वाट बघू नका, तीन-चार दिवस बुडाल्या आहेत तर उद्याच कागद घेऊन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्या पुन्हा चालू करतानाही डॉक्टर डोस ठरवून देतात. घाटीत किती दिवस बुडाल्या ते खरं सांगा, लपवू नका, ते रागावले तरी चालेल. पुढं कधी चुकली तर आठवल्याबरोबर द्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, एका वेळी दोन नाही. रात्रीच्या माळेच्या वेळेलाच गोळीची वेळ लावून घ्या, घरात सगळ्यांच्या लक्षात राहील. आणि हाताची जखम दाखवली का कोणाला? तळहात आहे, बोटं आखडतात, उद्या गेलात की तेही दाखवा.