वकिलांची भाषा आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

आईच्या वाटणीच्या दाव्यासाठी शिवाजीनगर कोर्टात जातोय, आणि दर तारखेला एकच खटकतं, केस आपली, फी आपली, पण आज नक्की काय झालं ते आपल्यालाच कळत नाही. "निशाणी पाचवर आर्ग्युमेंट आहे, समोरच्यांचा से यायचाय" एवढं बोलून वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टाकडे पळतात, आई बाकावरून विचारते, म्हणजे काय रे? शेवटी त्यांच्या ज्युनिअर ताईंनी नीट सांगितलं. निशाणी म्हणजे फायलीतल्या कागदाचा नंबर, दावा एक नंबरला, तात्पुरत्या मनाईचा अर्ज सहसा पाच नंबरला, म्हणून सगळे त्याला निशाणी पाचच म्हणतात, आणि से म्हणजे त्यावर समोरच्यांचं लेखी म्हणणं. थोडक्यात, निकालापर्यंत मामाने जमीन विकू नये म्हणून केलेला अर्ज! एवढं दोन मिनिटांत सांगता येतं तर आधी का नाही सांगत? तुमचेही अनुभव लिहा, कोणाला तरी उपयोग होईल.

*

कात्रजला रिसेल फ्लॅट घेतला तेव्हाचं. खरेदीखत मराठीतच होतं, तरी "सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असून गहाण, दान, अन्नवस्त्र, पोटगी, जप्ती..." इथे बाबा अडकले, फ्लॅटवर अन्नवस्त्र कसलं? वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, घरातल्या कोणाचा पोटापाण्याचा हक्क त्या मिळकतीवर नाही, असं लिहून देतात. मग बाबांनी बोजाचंही विचारलं आणि तेव्हा कळलं की विकणाऱ्याचं बँकेचं कर्ज अजून फिटलेलंच नाही. बँकेचा नो ड्यूज दाखला हातात आल्यावरच बाबांनी सही केली.

*

भाड्याने राहणाऱ्यांनो, लायसन्सर म्हणजे मालक, लायसन्सी म्हणजे तुम्ही. लॉक-इनचा क्लॉज नक्की वाचा, त्या मुदतीत घर सोडलं तर उरलेलं भाडं मागतात. करार लेखी आणि रजिस्टर हवाच, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकाची आहे.

*

मी दिवाणी वकिली करते. दस्तातले जुने शब्द आम्ही सहज बदलत नाही कारण त्यांचा अर्थ निकालांमधून ठरत आलेला असतो, नवा शब्द घातला की नवा वाद. पण पक्षकाराशी बोलतानाही तीच भाषा वापरायची हे मलाही पटत नाही. "डब्ल्यूएस राहिलाय" ऐकून माणूस निवांत घरी जातो. अहो, डब्ल्यूएस म्हणजे तुमची कैफियत, दाव्याला तुमचं उत्तर! समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायचं, कोर्ट फार तर 90 पर्यंत वाढवून देतं, पुढे उशीर झाला तर कोर्टाला पटवता पटवता नाकी नऊ येतात. आणि फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

*

ताई, एक विचारू का, ई-कोर्ट्स ॲपवर आमच्या केसची स्टेज "अनरेडी" दाखवतंय. म्हणजे आमच्याकडून काही कागद द्यायचे राहिलेत का? सासरे सकाळपासून काळजीत आहेत.