मदत हवी आहे : नोटर डेम शिफ्ट एक सेकंद थांबूनही कशी चालायची?

नमस्कार मंडळी, अमेरिकन फुटबॉलचा जुना इतिहास वाचणारं कुणी आहे का इथे?

नूट रॉकनी अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या संघाचे कोच होते (1918 ते 1930), तेव्हाच्या त्यांच्या प्रसिद्ध शिफ्टवर, म्हणजे चाल सुरू होण्याआधी खेळाडूंनी एकदम जागा बदलण्यावर, अडकलोय. पुढच्या रांगेच्या मागचे चौघे आधी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या रचनेत उभे राहायचे. इशारा झाला की चौघेही एका तालात उडी मारून डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचे आणि चौकोन करायचे. पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच सेंटर (पुढच्या रांगेतला मधला खेळाडू) बॉल मागे द्यायचा. समोरच्यांना जागा बदलायला फुरसतच नाही, वर अंगात वेग आधीच भरलेला. बघायला देखणं, पण बचाव करणाऱ्यांवर सरळसरळ अन्याय, असं माझं मत. 1924 च्या ‘फोर हॉर्समेन’ (मागच्या चौघांचं टोपणनाव) संघाने याच शिफ्टवर सगळे सामने मारले, रोझ बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात स्टॅनफर्डला 27-10 ने हरवलं.

1927 मध्ये नियम कडक झाला. शिफ्टनंतर पूर्ण एक सेकंद स्थिर थांबायचं, नाहीतर दंड. इथपर्यंत कळतं. पण मग 1929 आणि 1930 ला हाच संघ पुन्हा अपराजित कसा? वेगाचा फायदा तर गेला होता! नुसत्या बाजू बदलण्याने बचाव इतका गोंधळायचा, की ब्लॉकिंगचे (समोरच्याला अंगाने अडवण्याचे) कोन हीच खरी मेख होती?

आणि घड्याळाशिवाय तो एक सेकंद पंच मोजायचे कसे? त्या काळच्या चित्रफिती बारकाईने पाहिलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.