हिरोशिगेचं ‘कानबारा’: न पडणारा बर्फ खपवून घ्यायचा का?

रेषावेडी: जपानी ठसेचित्रकार हिरोशिगेची ‘तोकाइदोचे त्रेपन्न थांबे’ ही मालिका (1833-34) परत चाळली. एदो (आजचं टोकियो) ते क्योतो रस्त्यावरचे 53 थांबे, शिवाय दोन्ही टोकं, म्हणून ठसेचित्रं 55. त्यात सगळ्यांत गाजलेलं ‘कानबारा’. रात्र, बर्फाखाली दबलेली घरं, अर्धवट मिटलेल्या छत्रीत डोकं खुपसून चाललेला एक जण आणि चढणीला लागलेले दोघे. पण कानबारा हे सुरुगा आखाताकाठचं उबदार गाव! तिथे असा दाट बर्फ पडत नाही. प्रवासचित्र म्हणून हे विकणं मला फसवणूकच वाटते.

घाटवाट: असहमत. मग याच मालिकेतल्या हाकोनेलाही फसवं म्हणा. निळ्या, हिरव्या, तपकिरी तुकड्यांचा तो डोंगर कुणी पाहिलाय? त्यावर तुम्ही चकार शब्द काढत नाही, कारण तिथली अतिशयोक्ती लगेच दिसते. कानबारा खरं वाटतं, हाच त्याचा गुन्हा!

रेषावेडी: हाकोनेचं चित्र पाहून चढण अंगावर येणारी आहे एवढं तरी कळतं. कानबारा पाहून निघालेला माणूस गवताचा झगा घालून घामाघूम होईल. शिवाय 1797 च्या एका सचित्र प्रवासपुस्तकातून हिरोशिगेने काही दृश्यं उचललीत. घरबसल्या प्रवास म्हणा ना सरळ!

शाईबोट: तुम्ही दोघंही एकट्या हिरोशिगेला धरून बसलात. तो रेखाटन देणार, कोरणारा ते चेरीच्या लाकडात उतरवणार, छापणारा रंग चढवणार आणि पैसा प्रकाशकाचा. कानबाराच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवून बघा. काहींत काळोख आभाळाच्या माथ्याशी आहे, काहींत खाली डोंगराला लागून. ही छटा कोरलेली नसते. छापणारा दर वेळी ठशावरचा रंग हाताने पुसत विरळ करतो, त्याला ‘बोकाशी’ म्हणतात. रेखाटन एकच, पण रात्री दोन तऱ्हेच्या. यातली हिरोशिगेने ‘पाहिलेली’ कुठली?

घाटवाट: +1. हे लिहायचं मला सुचलं नव्हतं.

रेषावेडी: अहो, हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा! छापणाऱ्याच्या हातावर रात्र ठरत असेल, तर निदान जागा तरी पक्की असू दे. विसाव्या शतकातला ठसेचित्रकार कावासे हासुई बघा. गावोगाव फिरून रेखाटायचा. 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत वह्या जळाल्या, तरी गडी पुन्हा लांबच्या दौऱ्यावर निघाला. पाहून काढायचं ठरवलं तर जमतं.

घाटवाट: हासुईच्या काळात आगगाडी होती हो! आणि त्याचीही चित्रं प्रकाशक वातानाबेकडचे कारागीरच कोरायचे, छापायचे. तुम्हाला गाव बघायचंय, मला त्या छत्रीवाल्याचा गारठा पुरतो. हिरोशिगेच्या याच मालिकेतल्या शोनोच्या पावसावर काही आक्षेप असेल तर तोही आत्ताच नोंदवून टाका, म्हणजे एकदमच भांडू.