जर्मनीची टाइप दोन पाणबुडी : एवढी लहान का?

प्रश्न (परभणी) : दुसऱ्या महायुद्धातील टाइप दोनच्या पाणबुड्या प्रत्यक्ष युद्धापेक्षा प्रशिक्षणासाठीच अधिक वापरल्या गेल्या, असे वाचनात आले. त्या मुद्दाम लहान बांधल्या होत्या काय? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (नांदेड) : होय, मुद्दामच. फिनलंडमध्ये बांधलेल्या ‘वेसिक्को’ पाणबुडीच्या आराखड्यावरून ही रचना आली आणि जर्मनीला पाणबुड्यांची मुभा देणारा ब्रिटनशी नाविक करार होताच, जून 1935 मध्ये, पहिली यू-1 सेवेत दाखलही झाली, म्हणजे तयारी आधीच चालू होती, हे उघड आहे. पहिल्या उपप्रकाराची लांबी सुमारे 41 मीटर, म्हणजे आपल्या एसटीच्या चार गाड्या जवळजवळ एकामागे एक उभ्या कराव्यात तेवढी. पुढे तीन टॉर्पेडो-नळ्या, एकूण पाचच टॉर्पेडो आणि पंचविसेक माणसे. झोपण्याच्या जागा माणसांहून कमी, त्यामुळे एकजण पहाऱ्यावरून उतरला की दुसऱ्याच्या उबदार अंथरुणात शिरे. लाटांवर ती फार हेलकावत असे, म्हणून खलाशी तिला ‘एका ओंडक्याची होडी’ म्हणत.

उत्तर (लातूर) : दादांच्या माहितीत थोडी भर घालतो. यांपैकी सहा पाणबुड्या 1942 पासून काळ्या समुद्रात पाठवल्या. सुटे भाग काढून त्या एल्ब नदीने ड्रेस्डेनपर्यंत, तिथून रस्त्याने इंगोलश्टाटला आणि पुढे डॅन्यूबने नेल्या. उसाची ट्रॉली वळणावर अडकली की आपला रस्ता तासभर बंद पडतो, तिथे हे धूड कसे वळवले असेल!

प्रश्नकर्ता : आभारी आहे, सर. एकूण किती बांधल्या?

उत्तर (नांदेड) : चारही उपप्रकार मिळून पन्नास.