योकाई गोंडस केले म्हणून जपानी लोककथा मेली का?

रानवाट
काल भाच्याबरोबर योकाईंचं, म्हणजे जपानी लोककथांतल्या भुताखेतांचं, एक कार्टून पाहिलं. त्यातला कप्पा, म्हणजे नदीत राहणारा योकाई, गुबगुबीत, हसरा, काकडी खाणारा सवंगडी. ईशान्य जपानमधल्या तोनो गावच्या लोककथांमध्ये कप्प्यापासून झालेलं मूल कापून, छोट्या पिंपांत भरून जमिनीत पुरतात! आज त्याच तोनोत स्टेशनाजवळची पोलीस चौकी कप्प्याच्या तोंडाची आहे आणि कप्पा पकडायचा परवानाही विकत मिळतो. भीती गेली की कथा गेली. शुद्ध परंपरा मांगा (जपानी चित्रकथा), गेम आणि अ‍ॅनिमेवाल्यांनी बाजारात मांडली. माझं मत स्पष्ट आहे.

शाईची दौत
हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

शुद्ध परंपरा म्हणजे नेमकं कुठलं साल? चित्रकार तोरियामा सेकिएनने १७७६ मध्ये योकाईंचा चित्रसंग्रह छापला तो पैसे मोजणाऱ्या वाचकांसाठीच. पुढच्या संग्रहांत तर त्याने कितीतरी योकाई जुन्या ग्रंथांतल्या ओळींवरून आणि कोट्यांवरून स्वतः रचले. आज तेच ‘प्राचीन’ म्हणून दाखवले जातात. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) किब्योशी या विनोदी चित्रपुस्तकांतही योकाई फजिती होणारे, हसवणारे होतेच.

अमाबिए ही योकाई घ्या. १८४६ चं, हिगो प्रांतातली बातमी देणारं एक पत्रक. समुद्रातून चोचीची, लांब केसांची एक आकृती वर येते आणि सांगते : सहा वर्षं पीक चांगलं येईल, पण रोगराईही येईल, माझं चित्र काढून लोकांना दाखवा. त्या नावाचा तो एकच जुना कागद ज्ञात आहे, क्योतो विद्यापीठात. २०२० मध्ये करोना आला तेव्हा मांगाकारांनी तिची चित्रं काढली, मिठाईवाल्यांनी तिच्या आकाराची मिठाई केली, शेवटी आरोग्य मंत्रालयानेही तिला पोस्टरवर घेतलं. सगळं गोंडसच होतं. पण चित्र काढून दाखवा हे तिनेच सांगितलं होतं, आणि पावणेदोनशे वर्षांनी लोकांनी ते केलं. ही कथा मेलेली आहे?

आणि कथेला खरी इजा करणारे दरवेळी बाजारवालेच असतात असंही नाही. १९४५ मध्ये नौदलाच्या आश्रयाने मोमोतारो या लोककथेतल्या वीरावर पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट निघाला. पीचमधून जन्मलेला पोर त्यात सेनापती झाला आणि ओनींच्या, म्हणजे राक्षसांच्या, जागी गोरे सैनिक आले. याच्या वीसेक वर्षं आधी, १९२४ मध्ये, कथाकार अकुतागावाने हीच गोष्ट उलटी करून लिहिली होती : ओनी बेटावर सुखाने नांदत आहेत आणि मोमोतारोच त्यांच्यावर चाल करून जाणारा लुटारू आहे. कथा बदलणं पाप असेल तर अकुतागावालाही त्याच पिंजऱ्यात उभं करा.

रानवाट
अकुतागावा आणि प्लास्टिकचे कीचेन एका ओळीत बसवू नका. बदलाला माझा विरोध नाही, स्वस्तपणाला आहे. जपानी कथा इंग्रजीत लिहिणाऱ्या लाफ्काडियो हर्नने कसं केलं बघा. परका माणूस, पण त्याची ‘युकी-ओन्ना’ (बर्फातली बाई) ही कथा वाचताना आजही अंगावर काटा येतो. पुनर्कथन असं आदराने करायचं असतं.

पडवीतली
हर्नचं नाव निघालं की मला बोलावंच लागतं. हर्नला जपानी पुस्तकं नीट वाचता येत नव्हती. जुनी पुस्तकं शोधून आणायची, वाचून काढायची आणि रात्री दिव्याची वात बारीक करून सांगायची त्याची बायको सेत्सू. पुस्तक बघून सांगायचं नाही, तुझ्या शब्दांत, तुझ्या विचारांत सांग, हा त्याचा हट्ट. हे तिनेच आपल्या आठवणींत लिहिलंय. आता १९०४ च्या ‘क्वाइदान’ या त्याच्या भूतकथासंग्रहाची प्रस्तावना उघडा. जुन्या ग्रंथांचा उल्लेख आहे. ‘युकी-ओन्ना’ सांगणारा मुसाशी प्रांतातला शेतकरी आहे. सेत्सू कुठेही नाही.

मला हे का झोंबतं ते सांगते. माझी आजी संगमेश्वराकडची. तिच्याकडून देवचार, हडळ, गिऱ्हा यांच्या गोष्टी एका अभ्यासकाने टेपवर नेल्या. पुस्तक निघालं, त्याला पुरस्कारही मिळाला. त्यात आजी कोण, तर ‘कोकणातील एक वृद्धा’. तिला वाचता येत नव्हतं. यात माझं नाव कुठाय ते बोट ठेवून दाखव, असं ती मला म्हणाली. काय दाखवणार होते मी? भीती गेली की राहिली हा वाद तुम्ही खुशाल घाला. आधी सांगणारीचं नाव लिहा.

शाईची दौत
आजींच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण धागा योकाईंबद्दल आहे. शिवाय हर्न सेत्सूच्या घराचं आडनाव लावून १८९६ मध्ये कोइझुमी याकुमो झाला, शेवटपर्यंत तिच्याबरोबर संसार केला. त्याला चोर ठरवणं अन्याय आहे.

पडवीतली
चोर हा शब्द मी वापरलेला नाही, माझ्या तोंडी घालू नका. तिचं आडनाव घेणं आणि तिला श्रेय देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लोककथांचा अभ्यासक यानागिताने १९१० मध्ये ‘तोनो मोनोगातारी’ (तोनोच्या कथा) या संग्रहाच्या सुरुवातीलाच लिहिलं, या सगळ्या कथा मी तोनोच्या सासाकींकडून ऐकल्या. सहा वर्षांचाच फरक आहे. तेव्हा काळच तसा होता, हे मला सांगू नका.

शाईची दौत
नाव दिलं, पण बोली कुठे ठेवली? एका अक्षराचीही भर-घट न करता, जसं भावलं तसं लिहिलं, असं म्हणून यानागिताने सगळं ग्रांथिक जपानीत घातलं. सासाकीच्या तोंडची तोनोची बोली त्यात उरली नाही. तुमचा आदर्शही निर्मळ नाही.

पडवीतली
आदर्श म्हटलं नाही. एक नाव लिहायला त्याला जमलं, एवढंच म्हटलं. आणि तुम्ही दोघं ज्याच्याविषयी बोलायला हवं होतं तो बाजूलाच राहिला. मिझुकी शिगेरू मांगावाला, म्हणजे रानवाटच्या हिशेबात बाजारवाला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या राबाउलला डावा हात गमावलेला माणूस. लहानपणी योकाई सांगणारी म्हातारी नोन्नोन्बा त्याने आयुष्यभर लोकांसमोर ठेवली, पुस्तकालाच तिचं नाव दिलं. प्रतिष्ठित साहित्यिकाला सुचलं नाही ते चित्रं विकून पोट भरणाऱ्याने केलं.

निशिकासाईहून
मिझुकींच्या गावी, साकाइमिनातोला, आम्ही गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना योकाईंचे दीडशेहून अधिक छोटे पुतळे आहेत. प्रत्येकापुढे उभी राहून माझी मुलगी खिदळत होती. तिथे घेतलेल्या पुस्तकात तिला अकानामे सापडला, मोरीतली घाण चाटायला येणारा. त्यानंतर बरेच दिवस ती रात्री न्हाणीघरात एकटी जाईना, आणि दिवसा तोच अकानामे वहीत काढत बसायची. रानवाट, भीती गेलेली नाही. तुम्ही एकदा पोरांच्या शेजारी झोपून बघा.

रानवाट
मिझुकींपुरतं मागे घेतो. तेवढ्यापुरतंच. कप्प्याचा परवाना विकणाऱ्या तोनोबद्दल माझं मत तेच आहे. ज्या कथेत बाळ पुरलंय तिच्या गावात तिचं खेळणं होऊ नये. आणि सेत्सूबद्दल मला माहीत नव्हतं, ते वाचतो.

पडवीतली
वाचाच. एनएचके या जपानी वाहिनीच्या २०२५ च्या सकाळच्या मालिकेची नायिका तिच्यावरूनच घेतली आहे. इतक्या वर्षांनी का होईना, गोष्ट तिच्या बाजूने सांगितली गेली. आता मराठीत कुणी ‘क्वाइदान’ नव्याने करणार असेल तर मुखपृष्ठावर दोन नावं हवीत.

शाईची दौत
मुखपृष्ठावर नको. लिहिणारा हर्नच आहे. प्रस्तावनेत सविस्तर उल्लेख पुरे.

पडवीतली
प्रस्तावनेतच तर तिला गाळलं होतं. मुखपृष्ठावरच हवं.