एकाच फोल्डरमध्ये 2,80,000 फाइली: संथपणाचे कारण काय?

प्रश्न (गिरगावचा वाचक): आमच्या वाचनालयात जुन्या मासिकांची पाने स्कॅन करण्याचे काम चालू असून आजवरच्या सुमारे 2,80,000 प्रतिमा ‘स्कॅन’ या एकाच फोल्डरमध्ये आहेत. सर्व्हर लिनक्सचा, फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) एक्स्ट4. आम्ही मात्र विंडोजवरून, सांबा या लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला नेटवर्कवरून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत तो फोल्डर उघडतो. कोपऱ्यावर जाऊन कटिंग पिऊन परत आलो तरी वरची हिरवी पट्टी सरकतच असते. मात्र फाइलचा पूर्ण पत्ता टाइप केला, तर तीच प्रतिमा लगेच उघडते. दोष डिस्कचा आहे का?

उत्तर (परळकर): डिस्क बदलण्याचा खर्च तूर्त करू नका. एक्स्ट4 नावांची हॅशवर (नावावरून गणिताने काढलेल्या संकेतावर) आधारलेली वृक्षरचना ठेवते, त्यामुळे नाव ठाऊक असलेली फाइल दोन हजारांत असो वा दोन लाखांत, ती शोधायला जाणवण्याइतका वेळ लागत नाही. वेळ जातो तो यादीत: एक्सप्लोरर सगळी नावे, आकार आणि तारखा नेटवर्कवरून मागवतो, मग त्यांचा क्रम लावतो.

शिवाय सांबाची एक खोच आहे. विंडोज लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करते. म्हणून नवे पान साठवताना त्या नावाची फाइल वेगळ्या अक्षररूपात आधीच नाही ना, हे पाहण्यासाठी सांबाला अख्खा फोल्डर चाळावा लागतो. नवे स्कॅन साठवायलाही हल्ली वेळ लागतो का, ते पाहा.

उत्तर (जुना ऑपरेटर): वरील मताशी सहमत. गिट ही सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली आपल्या साठवलेल्या वस्तू हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांनुसार 256 उपफोल्डरांत वाटते, पण ती सोय यंत्राची. तुमच्याकडे पान माणूस शोधणार, तेव्हा मासिक, वर्ष, अंक अशीच विभागणी करावी. प्रत पेनड्राइव्हवर देत असाल, तर फॅट32 या फाइल सिस्टममध्ये एका फोल्डरला 65,536 नोंदींची मर्यादा असते आणि लांब नाव एकाहून अधिक नोंदी खाते, हेही ध्यानात असू द्या.

गिरगावचा वाचक: साठवणही मंदावली होती, आम्ही स्कॅनरला बोल लावत होतो! फाइली हलवल्यावर जुनाच फोल्डर वापरावा का?

परळकर: नको. फाइली काढल्या तरी एक्स्ट4 मध्ये फोल्डरची फुगलेली नोंदवही आकसत नाही. नवा फोल्डर करा आणि रिकामा झालेला जुना काढून टाका.