घर लहान असलं तरी बोलवाच
एका ताईंनी लिहिलंय, घर दोन खोल्यांचं, सोफा पण नाय, मग मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या लोकांना जेवायला कसं बोलवायचं. ताई, बोलवाच ओ! बायबलात 1 पेत्र 4:9 मध्ये कुरकुर न करता पाहुणचार करा एवढंच आहे, सोफ्याचं कायच नाय. आमच्या मिरजेत 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं, उपचाराला कर्नाटकातनं पेशंट येतात अन् नातेवाईक वडापाववर दिवस काढतात, त्यातलं कोण ना कोण रविवारी उपासनेनंतर आमच्याकडं असतं, चटई टाकायची, भाकरी, आमटी, खर्डा, बस्स. मागं एक कन्नड आजी आलत्या, एकमेकींची भाषा कळंना पण स्वतःच परात ओढून भाकरी थापायला बसल्या, लई बरं वाटलं. मेनू ठरवत बसू नका, आमटीत पाणी वाढवा अन् या रविवारीच बोलवा.